गोराईहून नेलेली बाटली

१३ सप्टेंबर १९७२

बाटली उशीखाली ठेवली आहे. रिकामी. रुंद तोंडाची, पांढऱ्या झाकणाची. अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. नुसती बघून मलाच लाजल्यासारखं होतं, मग माझ्या नवऱ्याचं, क्लेमेंटचं, काय होत असेल!

पाच वर्षं झाली लग्नाला. पाच वर्षं सगळ्या गोराईचा डोळा माझ्या पोटावर. आई, म्हणजे क्लेमेंटची आई, रविवारी वांद्र्याच्या जत्रेत मोत मावलीपुढे, मरियामातेपुढे, नवसाचं मेणाचं बाळ वाहून आली. हे तिसरं. परत येताना होडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझा मुलगा धडधाकट आहे हो. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” आड म्हणजे मी. मी त्याच होडीत बसले होते.

आणि आता या डॉक्टरीणबाई, डॉ. सुहासिनी, म्हणतात, “ज्युलिया, तुझं सगळं तपासून झालं. तुझ्यात काही दोष नाही. आता नवऱ्याचं तपासायला हवं.”

आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जिना उतरेपर्यंत टिकला. मग भीती वाटायला लागली. माझ्यात दोष होता तेव्हा बरं होतं, मला सवय झाली होती बोलणी खायची. त्याच्यात निघाला तर तो काय करील? वादळात होडी हाकणारा माणूस, पण घरात कोणी मोठ्याने बोललं तरी ताट सोडून उठतो.

१५ सप्टेंबर

काल क्लेमेंटला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला लागूनच तपासणीची लॅबोरेटरी आहे. तिथल्या माणसाने बाटलीकडे बोट दाखवलं आणि मग मागच्या संडासाकडे. कडी धड लागत नाही. बाहेर बाकावर माणसं बसलेली, खोकतायत. क्लेमेंट आत गेला आणि घामाने निथळत रिकामी बाटली घेऊन बाहेर आला.

“नाही जमत. आणि एकट्यानं असलं करणं पाप आहे. फादरनी लहानपणी शिकवलंय.”

लॅबोरेटरीवाला म्हणाला, “मग घरून आणा. पण तासाभरात हं. नंतर खराब होतं, काही उपयोग नाही. राहता कुठे?”

मी म्हटलं, “इथेच, मरोळला.” मरोळ माझं माहेर. गोराई म्हटलं असतं तर त्याने वाटेलाच लावलं असतं आम्हाला. खोटं तोंडातून कधी निसटलं ते कळलंच नाही.

तासाभरात! खाडीत पाणी असेल तर होडी. पलीकडे बस असेल तर बस. मग बोरिवलीहून गाडी. तासाभरात आम्ही स्टेशनापर्यंत पोचलो तरी नशीब.

१८ सप्टेंबर

सुचलं! साधी गोष्ट आहे. आई पापलेटं बोरिवलीच्या बाजारात नेते ती दुपारपर्यंत ताजी कशी राहतात? बर्फ. मी शेतकऱ्याची पोर, लग्नाआधी बर्फ फक्त सरबतात पाहिलेला. इथे आल्यावर शिकले. लादी कशी फोडायची, भुसा कसा झटकायचा, खाली एक थर, वर एक थर, हवा लागता कामा नये. आईसुद्धा म्हणते, ज्युलियाने भरलेली पाटी कधी नासत नाही.

क्लेमेंटला सांगितलं. म्हणाला, “बरोबर आहे. बर्फात काय बिघडतंय?”

२० सप्टेंबर

झालं एकदाचं. आई बाजाराला गेल्यावर दार लावून घेतलं. पुढचं लिहीत नाही. बाटली कापडात गुंडाळली, डब्यात बर्फ, मध्ये बाटली, वर बर्फ. होडीत डबा मांडीवर धरून बसले. बेटी, आमची थोरली जाऊ, त्याच होडीत होती. पाचव्यांदा पोटुशी आहे. म्हणाली, “काय गं, भावाला कोलंबी घेऊन निघालीस?” मी म्हटलं हो.

अंधेरीला जिन्यात थांबून बाटली बाहेर काढली, पदराने कोरडी पुसली, वास घेऊन बघितला. मासळीचा वास आला की ही माणसं नाक मुरडतात. डबा जिन्याखाली ठेवला आणि वर गेले. लॅबोरेटरीवाला लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, “ठेवा तिथे ताटलीत.”

तीन दिवसांनी कळेल. तोवर जीव टांगणीला.

२३ सप्टेंबर

सगळे मेलेले.

२४ सप्टेंबर, रविवार

काल एवढंच लिहू शकले. आज लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. चांगल्या बोलतात, उगाच गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, “पुरुषाच्या धातूत जंतू असतात, जिवंत, पोहणारे. त्यातला एक बाईच्या बीजाशी पोचला की मूल. तुमचे आहेत भरपूर. पण एकही हलत नाही. सगळे मेलेले आहेत.” मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, “असं क्वचितच बघायला मिळतं. आपण पुन्हा एकदा तपासू.”

क्लेमेंटने फक्त एक विचारलं, “सगळे?”

“सगळे.”

होडीत तो पुढे बसला, मी मागे. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्याने पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला, काठ येईपर्यंत. मला वाटलं हा आता उडी टाकतो. पोहणारा माणूस आहे, बुडायचा नाही, हे कळत होतं. तरी मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं.

आज चर्चमध्ये मिस्सेला आला नाही. आई म्हणाली, “तुझ्याशी भांडला असेल.”

२ ऑक्टोबर

समुद्रावर जात नाही. बर्नार्ड, त्याचा थोरला भाऊ, हाक मारून मारून एकटाच होडी घेऊन गेला. क्लेमेंट ओट्यावर बसून असतो. काल जेवताना एकदम म्हणाला, “माझ्या आत मढी भरलीयेत गं.”

मी हातातला घास ताटात ठेवला.

मला भीती वाटते. विहिरीवर गेले तरी दोनदा मागे वळून बघते.

११ ऑक्टोबर

दुसरी बाटली दिली. या खेपेला बर्फाबरोबर जाडं मीठ घातलं. मीठ घातलं की गारवा कडक होतो, आई आइसक्रीमच्या यंत्रात घालते तसं. मागच्या वेळी ओहोटीमुळे होडी गाळात अडकून वेळ गेला होता, त्यात काही बिघडलं असेल. आज भरती साधून निघाले. जराही कसर ठेवली नाही. मोत मावले, आता तुझ्या हातात!

१४ ऑक्टोबर

तेच. सगळे मेलेले.

२० ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. क्लेमेंट म्हणाला, “तू जा, ऐकून ये, मला काही ऐकवू नकोस.” मग मीच विचारलं, बाई, आता काय मार्ग?

त्यांनी सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. काहींच्या शिरा फुगलेल्या असतात, त्यांचं ऑपरेशन होतं, पण क्लेमेंटच्या शिरा ठीक आहेत. इंजेक्शनं आहेत, काही महिने घेऊन बघायची. गुण येतो असं नाही. अनाथाश्रमातलं मूल दत्तक घेता येतं. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणखी एक मार्ग आहे. दुसऱ्याचं बीज. डॉक्टरी शिकणारी मुलं देतात. नाव नाही, गाव नाही. रक्तगट जुळवते मी. मूल तुझ्याच पोटात वाढतं. जगाला कळत नाही. पण नवऱ्याची पूर्ण संमती हवी. त्याशिवाय मी हात लावणार नाही.”

मी उठून उभी राहिले. म्हटलं, “आम्ही ख्रिस्ती आहोत बाई.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच आधी इंजेक्शनं देऊ.”

२२ ऑक्टोबर

दत्तकाचं आईपुढे सहज काढून बघितलं. मरोळच्या शेजारणीचं नाव करून. आई म्हणाली, “कोणाचं रक्त कोण जाणे. त्यापेक्षा माझ्या बर्नार्डचा एखादा घ्यावा.” बेटीने आतून ऐकलं. संध्याकाळपर्यंत धाकट्याला कडेवरून खाली ठेवला नाही.

३ डिसेंबर

इंजेक्शनं चालू आहेत. बोरिवलीचा कंपाउंडर देतो. क्लेमेंट त्याला सांगतो, कमरेचं दुखणं आहे. समुद्रावर जायला लागला हेच पुष्कळ. पण पूर्वी मासळी लागली की काठावरूनच आरोळी द्यायचा. आता पाटी ठेवतो आणि आंघोळीला जातो.

माझ्या अंगाला हात लावत नाही. लावला तर मध्येच उठून बसतो. म्हणतो, “कशासाठी?”

७ मार्च १९७३, राखेचा बुधवार

इंजेक्शनं संपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा बाटली आणा, बघू काही फरक पडलाय का. क्लेमेंट म्हणाला, “तिसऱ्यांदा मेलेले ऐकायचं नाही मला. बाटली घरात आणलीस तर खाडीत फेकीन.” मी काही आणली नाही.

सकाळी फादरनी कपाळाला राख लावली, तू माती आहेस म्हणाले. क्लेमेंटने राख दिवसभर पुसली नाही.

१९ मार्च, संत योसेफाचा सण

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

मिस्सा झाल्यावर क्लेमेंट मला होडी दाखवायला म्हणून काठावर घेऊन गेला. डांबर लावायचं काम चाललेलं. लाकडावर हात फिरवत, माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

“ती डॉक्टरीण कसला तरी मार्ग सांगत होती. तू मला सांगितला नाहीस.”

“तूच म्हणाला होतास ऐकवू नकोस.”

“मग मी गेलो होतो. परवा. एकटाच. विचारून आलो.”

हा पठ्ठ्या अंधेरीला एकटा जाऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसला! जो कडी न लागणाऱ्या संडासातून पळून आला होता तो.

म्हणाला, “आज फादर काय म्हणाले ऐकलंस ना? योसेफाने येशूला, पोटचा नसलेला मुलगा, सांभाळला. सुतारकी शिकवली. कोणी त्याला विचारलंसुद्धा नाही, देवाने परस्पर ठरवलं. मला निदान विचारतायत.”

मी म्हटलं, “क्लेमेंट, ते वेगळं. हे पाप आहे.”

“असेल. माझ्या नावावर लाव. पण तू रोज आड म्हणवून घेतेस आणि मी ऐकून गप्प बसतो, ते काय पुण्य आहे?” मग म्हणाला, “एकच. कोणालाही सांगायचं नाही. आईला नाही, बर्नार्डला नाही. कन्फेशनला फादरपुढेसुद्धा नाही.”

मी तिथेच वाळूत बसून रडले. आनंदाने नाही. भीतीने. नरक म्हणजे काय ते मला पहिल्या प्रसादाच्या शिकवणीपासून पाठ आहे.

२२ एप्रिल, ईस्टर

आज प्रसाद घेतला. कदाचित शेवटचा. पाप कन्फेशनला सांगितल्याशिवाय प्रसाद घेता येत नाही. जिभेवर बराच वेळ तसाच ठेवला.

२४ एप्रिल

झालं. दहा मिनिटंही लागली नाहीत. सिस्टर द्रौपदी, तिथली नर्स, माझा हात धरून उभी होती. तोंडाने फटकळ पण हात ऊबदार. मी छताकडे बघत होते. कोण असेल तो? जेवला असेल का आज? असलं काहीतरी डोक्यात येत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आज आणि उद्या नवऱ्याजवळ राहा. मनाला बरं असतं.” क्लेमेंट बाहेर बाकावर बसला होता. मी बाहेर आले तसा उठला आणि माझी पिशवी घेतली.

रात्री जवळ आला. मध्येच उठून बसला नाही.

८ मे

पाळी आली. सगळं फुकट. आता पुन्हा.

२२ मे

पुन्हा झालं. घरी आल्यावर परत तसेच दोघं जवळ.

२४ जून, रविवार

राहिलं आहे. नक्की. डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

आईने बातमी ऐकली आणि सरळ गुडघ्यावर बसली. मग बाहेर जाऊन सगळ्या आळीला सांगून आली, माझ्या तिसऱ्या मेणाच्या बाळाने काम केलं. बेटीने माझी अलाबला घेतली. बर्नार्डने क्लेमेंटच्या पाठीवर असा धपाटा मारला की तो पुढे कोलमडला. “लेका, एवढी वर्षं काय झोपला होतास?” क्लेमेंट हसला. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. हसण्यात कुठे काही दुखतंय का. नव्हतं दिसत.

मला मात्र झोप लागत नाही. मूल गोरंपान निघालं तर? घाऱ्या डोळ्यांचं निघालं तर? ही आळी डोळ्यांत तेल घालून बघणार.

१२ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी मिस्सेआधी चोरून एक बटर बिस्कीट खाते. आई अजून जुन्या रीतीने उपाशीपोटी प्रसाद घेते. मी प्रसादाला उठले नाही की विचारते, का गं? मी म्हणते, मळमळत होतं, खाऊन आले. हे बाळंतपणापर्यंत चालेल. नंतर काय सांगू?

१५ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

आज तपासायला गेले होते. सातवा लागायला आला. बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं होतं, मुलुंडकडचं, नवीन. सिस्टर द्रौपदी त्यांना बाटली देत होती. तीच, पांढऱ्या झाकणाची. त्या बाईला सांगत होती, “घरून आणणार ना? मग पोलक्यात ठेवून आणा. अंगाच्या उबेत. पिशवीत नको, हातात नको. गार झालं की सगळं मरतं, मग आम्ही काय तपासणार, डोंबल?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ते जोडपं गेल्यावर मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, “आणि सिस्टर, बर्फात ठेवून आणली तर?”

ती हसायला लागली. “बर्फात? मासळी आहे का ती?” मग माझं तोंड बघून म्हणाली, “का गं, चक्कर येतेय?”

मी म्हटलं, हो.

घरी कशी आले आठवत नाही.

१६ नोव्हेंबर

बर्फ मी घातला. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा मीठसुद्धा.

मरोळलाच राहिले असते तर बर्फ सुचलाच नसता. पदरात धरून पळत गेले असते, दुसरं काय सुचणार शेतकऱ्याच्या पोरीला. इथे शिकले आणि माझ्या शहाणपणाने वाट लागली. जिन्यात पुसून कोरडी केली, वास नको म्हणून. गोराई म्हणायची लाज वाटली म्हणून मरोळ सांगितलं. लॅबोरेटरीवाल्याला बाटली गार लागली असती, पण त्याने हात कुठे लावला?

क्लेमेंटच्या आत मढी नव्हती. मी मारली.

कदाचित. कदाचित खरंच दोष असेल. पाच वर्षं काही झालं नाही, ते का? पण सगळ्या बायकांना लगेच कुठे राहतं. बेटीच्या बहिणीला आठ वर्षांनी झालं. मग हे पोटातलं कोणाचं? त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जवळ होतोच. कोणाचं? मला कळणार नाही. डॉक्टरीणबाईंना कळणार नाही. देवालाच माहीत, आणि त्याच्याशी मी बोलत नाही.

२५ नोव्हेंबर

आज सांगायचं ठरवलं होतं. क्लेमेंट पाळणा करत होता. जुन्या होडीच्या फळ्यांचा, रंधा मारून गुळगुळीत केलेला. मी म्हटलं, क्लेमेंट, एक बोलायचं आहे. तो म्हणाला, “आधी हे बघ, हात फिरव, कुठे कुसळ लागतंय का?” मी हात फिरवला. मग तो म्हणाला, “खरं सांगू? त्या रिपोर्टापासून मी मेलोच होतो. पण योसेफासारखा सुतार होऊन बसलोय बघ, आणि बरं वाटतंय. माझं नाही हे आता आठवतसुद्धा नाही.”

सांगितलं तर हेच सगळं मोडणार. मग तो म्हणेल, मग केलंच कशाला? हे पाप, हे दुसऱ्याचं, कशासाठी? एवढ्या कष्टाने त्याने मनाची समजूत घातली आहे, ती मी एका वाक्याने उपसून काढू? आणि कारण काय, तर बायकोचा बर्फ!

म्हटलं, “कुसळ नाही कुठे.”

४ डिसेंबर

नाही सांगायचं. कधीच नाही. ठरलं.

डॉक्टरीणबाईंनाही नाही. त्या कपाळाला हात लावतील आणि पुन्हा बाटली आणायला सांगतील. क्लेमेंट विचारील कशाला, आणि सगळं बाहेर येईल.

१६ फेब्रुवारी १९७४

मुलगी. परवा झाली. मी अजून नीट बसू शकत नाही. सावळी, केसाळ, रडते ती अशी की खाडीपलीकडे ऐकू जावं. आई म्हणाली, “आवाज बघा, बापाचा!” मी लगेच पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग क्लेमेंटच्या. काही कळत नाही. नाक कधी त्याचं वाटतं, कधी कोणाचंच नाही.

क्लेमेंटने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. जोसेफिन.

१० मार्च

बाप्तिस्मा झाला. क्लेमेंटने पोरगी हातावर घेतली आणि फादरनी पाणी ओतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा. बर्नार्डने चिडवलं, “मच्छीमार असून पाण्याला रडतोस?” मासळी लागली की आता पुन्हा काठावरून आरोळी देतो. माझं माणूस मला परत मिळालं. त्यापायी नरकात जावं लागलं तर जाईन.

१७ ऑक्टोबर

बेटीने आज डोहाळे-बाळंतपणाच्या गप्पांत क्लेमेंटसमोरच विचारलं, दुसऱ्याचा विचार आहे की नाही? क्लेमेंट म्हणाला, “एकच पुरे.” नंतर मला एकटीला गाठून हसत म्हणाला, “आपल्याला काळजी कसली. मेलेल्याला पोर होत नाही.” मीही हसले.

२४ डिसेंबर

नाताळच्या आधी सगळे कन्फेशनला गेले. मी पोरीला ताप आहे म्हणून घरी राहिले. पोरगी खडखडीत बरी आहे. तिने आज पहिल्यांदा त्याला बाप म्हटलं. म्हणजे बा बा केलं. तो सगळ्या आळीला ऐकवायला घेऊन गेला.

१५ जून १९७५

होड्या काठावर ओढल्या. आता नारळी पुनवेपर्यंत क्लेमेंट घरी. जोसेफिन दिवसभर त्याच्या खांद्यावर. तो रोज माझ्याजवळ असतो, लग्न झालं तेव्हा होता तसा. इतकं सुख झालं की मला भीतीच वाटते. माझा स्वभावच झाला आहे.

२८ जुलै

काही नाही. दमणूक असेल. पोरगी अजून अंगावर पिते, त्यामुळेही पाळी लांबते म्हणतात.

७ ऑगस्ट

सकाळी विहिरीपाशी उलटी झाली. आईने बघितलं. मी नको नको म्हणेपर्यंत ती ओट्यावर पोचली. “क्लेमेंट, अरे, दुसरं येतंय! देवाने दार उघडलं की कसं उघडतो बघ!”

क्लेमेंट जाळं विणत होता. जोसेफिन त्याच्या मांडीवर. हातातली सुई थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पोरीला उचलून आईच्या कडेवर दिलं आणि सुई जाळ्यात खोवून ठेवली.

त्याच्या लेखी तो मेलेला आहे. आणि आम्ही कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नव्हतो.

बर्फाचं सांगायला माझ्याकडे पावणेदोन वर्षं होती. आज सांगितलं तर ती थाप वाटेल.

तो उंबऱ्यात येऊन उभा आहे. म्हणतो, “दार लावून घे.”